अनवाणी पायांनी पुणे ते तुळजापूर, स्टिअरिंगवर मीच

नवरात्रात मी अनवाणी असते. माहेरकडून आलेलं आहे, लग्नानंतरही सोडलं नाही. ऑफिस, भाजीमंडई, रिक्षा सगळं त्यात निभतं आणि आता कोणी विचारत पण नाही कारण आमच्या सोसायटीतच अजून तीन-चार जणी असतात. यंदा फरक एवढाच की घटस्थापना झाली की लगेच तुळजापूरला जायचं ठरलं, नवऱ्याची कंबर नेमकी धरलेली, म्हणजे गाडी मीच चालवणार.

निघायच्या आदल्या रात्री भावजींनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, लाल अक्षरात, की चप्पल घालून किंवा अनवाणी गाडी चालवली तर हजाराचं चलान. खाली लिहिलं, "वहिनी, बघा बरं का!" आता हा मेसेज म्हणजे जुना पाहुणा आहे. १ सप्टेंबर २०१९ ला सुधारित मोटार वाहन कायदा लागू झाला ना, तेव्हापासून तो फिरतोय, कधी लुंगी, कधी हाफ शर्ट, कधी गाडीची घाण काच, कधी चप्पल. त्याच महिन्यात गडकरींच्या ऑफिसने स्वतः ट्विट करून सांगितलं होतं की हाफ शर्ट, लुंगी-बनियन, चप्पल यांच्यासाठी दंडाची तरतूदच नाही. आणि मूळ १९८८ च्या कायद्यात कार चालवणाऱ्याने पायात काय घालावं किंवा घालावंच का, यावर कलमच नाही. सीटबेल्टवर आहे, १९४ब, हजार रुपये. मी भावजींना हे सगळं टाइप करून पाठवलं, त्यांनी अंगठा दाखवला, विषय संपला.

म्हणजे अगदीच मोकळं रान आहे असं पण नाही. कलम १८४ आहे, धोकादायक ड्रायव्हिंगचं, आणि २०१९ च्या दुरुस्तीत त्यात असंही आलंय की शहाणा, काळजीवाला ड्रायव्हर जशी चालवेल त्याच्या फारच खालच्या पातळीवर तुम्ही चालवत असाल आणि त्यात धोका उघड दिसत असेल तर ते धोकादायकच धरलं जाईल. पहिल्या वेळेला हजार ते पाच हजार दंड, सहा महिने ते वर्षभर कैद किंवा दोन्ही. आता नुसते उघडे पाय म्हणजे हे कलम असं कोणी म्हणणार नाही, पण पाय सटकला म्हणून गाडी कुणाच्या अंगावर गेली तर "देवीचं होतं साहेब" हे उत्तर चालायचं नाही. माझी बहीण इंग्लंडला असते, तिकडच्या हायवे कोडमध्ये ९७ नंबरचा नियम आहे की कपडे आणि पादत्राणं अशी हवीत की कंट्रोल्स नीट वापरता आले पाहिजेत, बस, अनवाणी चालवायला बंदी तिथेही नाही. मला हे पटतं. पायात काय आहे यापेक्षा पाय काय करू शकतो ते बघा ना.

पहाटे साडेपाचला हडपसर सोडलं. गाडी आमची जुनी डिझेल, क्लच जड. सोल नसला की पाय दीड-दोन सेंटिमीटरने आखूड होतो हे कोणी सांगत नाही, टाच खाली टेकवून ब्रेक पूर्ण दाबायला गेलं की गुडघा ताणतो. म्हणून निघण्याआधी सीट एक खाच पुढे घेतली, इंजिन चालू करून ब्रेक आणि क्लच दोन्ही तळापर्यंत दाबून बघितले, आणि टाचेखालचं सुटं रबरी मॅट काढून टाकलं कारण घामेजलेली टाच त्याच्यावर फिरते. चप्पल मी घेतलीच नव्हती पण नवऱ्याची होती, ती डिकीत. हे मी कायम करते, अनवाणी असो नसो. ड्रायव्हरच्या पायाशी सुटी चप्पल किंवा पाण्याची बाटली यासारखी भयंकर गोष्ट नाही, ब्रेकखाली अडकली की तुमचा पाय कितीही भारी असू दे, पेडल खाली जाणारच नाही. आणि मागच्या पट्ट्याविना फटफट वाजणाऱ्या स्लीपरपेक्षा उघडा पाय केव्हाही बरा असं माझं स्पष्ट मत आहे, स्लीपर वाकते, पेडलच्या कडेला अडकते.

यवत, चौफुला, पाटस मस्त गेलं. सकाळचा गार रस्ता, पाय एकदम खूश. ॲक्सिलरेटर इतका बारीक कळतो की वेग एका जागी ठेवायला मजा येते. भिगवणला उजनीचं पाणी दिसलं, एरवी इथे मासे खाल्ल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही, यावेळी चहा आणि केळी.

गंमत सुरू झाली इंदापूरच्या पुढे. साबुदाणा खिचडीसाठी थांबलो तर गाडी उन्हात, ऑक्टोबरचं ऊन, पार्किंगचं डांबर असं तापलेलं की मी गाडीपर्यंत अक्षरशः उड्या मारत आले, आणि आत बसून क्लचवर पाय ठेवला तर तो पण चटका देतोय. आई मागून म्हणाल्या, "अगं थांब जरा, पाय भाजेल." एसी पायाकडे वळवून पाच मिनिटं तशीच बसले. तळपाय चुरचुरत असताना माणूस नकळत पेडलवरून पाय उचलून घेतो, असं करत हायवेवर कशाला जायचं.

टेंभुर्णीच्या अलीकडे एक मोटरसायकलवाला राँग साइडने, डिव्हायडरला चिकटून, समोर. जोरात ब्रेक मारला. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, लागलं की पेडल पायाखाली धडधडतं, बुटातून ते लांबून कळतं, उघड्या पायाला मात्र थेट हाडात, आणि पहिली इच्छा होते पाय काढायची. काढायचा नसतो, दाबून धरायचा. दाबला, गाडी थांबली, तो मनुष्य शांतपणे बाजूने निघून गेला. पण चवड्याच्या हाडाखाली पेडलची कड अशी रुतली की मोहोळपर्यंत ठणकत होतं. नाजूक पायांच्या माणसाने, ज्याला वर्षभर घरातही स्लीपर लागते त्याने, हे करू नये असं मला तिथे वाटलं. माझे तळवे सवयीचे आहेत म्हणून पूर्ण जोर लावता आला.

सोलापूरपर्यंत २५० किलोमीटर आणि पुढे तुळजापूर ४५. या शेवटच्या पट्ट्यात ज्योतवाले भेटतात. गावोगावची पोरं तुळजापुरात ज्योत पेटवतात आणि धावत आपल्या गावी नेतात, मागे टेम्पो, त्यावर स्पीकर, आणि ज्योत हातात असलेला बहुतेक अनवाणीच. बहुतेकांची घटस्थापनेला पोचते, लांबच्या गावची एक-दोन अजून वाटेत होती. आमच्या बाजूला गर्दी आली की मी सेकंड गिअरवर, हॉर्न बंद. एका नाक्यावर बंदोबस्तातल्या हवालदारांनी थांबवलं, लायसन्स, पीयूसी बघितलं, दार उघडं होतं म्हणून पायाकडे नजर गेली. "ताई, नवरात्र का?" म्हणाले. हो म्हटलं. "पार्किंग लांब आहे, काचा बघून चाला." एवढंच.

आणि तेच खरं निघालं. पार्किंगपासून देवळापर्यंत खडी, नारळाच्या करवंट्या, उसाची चिपाडं. गोमुख तीर्थावर पाय धुतले, मग रांगेत ओली फरशी, कुंकू, सांडलेलं पाणी. दर्शन छान झालं, त्याबद्दल वेगळं लिहीन, तेवढं सगळं इथे मावणार नाही. परत आल्यावर मात्र गाडीत बसायच्या आधी जुन्या टॉवेलने पाय खसखसून पुसले, बोटांच्या मधेसुद्धा, कारण ओला तळवा गुळगुळीत पेडलवरून घसरतो आणि कुंकवाचा चिखल तर साबणासारखा. हे देवदर्शनाला जाणाऱ्या सगळ्यांनाच लागू आहे, चप्पल गाडीत काढून गेलात आणि ओल्या पायांनी तशीच गाडी काढलीत तर तुम्ही पण अनवाणीच चालवताय, फक्त तयारी न करता.

परतीला तुळजापूरचा घाट उतरताना मागच्या सीटवरची पिशवी कलंडली आणि ओटीचा नारळ माझ्या सीटखालून थेट टाचेला येऊन लागला. गाडी आधीच सेकंडवर होती, नवऱ्याने वाकून उचलला, बाजूला घेऊन थांबलो. म्हटलं सगळे नारळ डिकीत. आई म्हणाल्या, "देवीचा नारळ चपलेशेजारी? काहीतरीच." तो नारळ मग पुण्यापर्यंत त्यांच्या मांडीवर आला, सोलापूरला शेंगाचटणी घ्यायला उतरल्या तेव्हासुद्धा सोबत.