अडीच महिन्यांनी बोचकं सोडलं

धारवाडहून येऊन आज बारा दिवस झाले आणि काल कुठं पहिल्यांदा सुईत दोरा गेला. तोही पाचव्या झटक्याला, थुंकी लावून लावून, आणि मग कळलं की चष्मा कपाळावरच आहे.

लेकीकडं गेले होते. नातवाच्या उन्हाळी सुट्टीत वीस दिवस राहून येऊ असं ठरवून गेले आणि अडीच महिने राहिले, आता नातू सोडंना म्हणून राहिले का तिथल्या गार हवेला भुलले हे देवाला माहीत. जाताना वही नेली, रंगाची डबी नेली, वाकळीचे सहा चौकोन पण कापून पिशवीत टाकले होते. सगळं जसंच्या तसं परत आलं. वहीत नातवानं तीन चाकांचा एक ट्रक काढलाय तेवढीच काय ती अडीच महिन्यांतली कला.

घरी आल्यावर आधी कपाटाखालचं चिंध्यांचं बोचकं ओढलं तर ते एका बाजूनं कुरतडलेलं. उदगीरच्या उन्हाळ्यात बंद घर म्हणजे उंदराला मोकळं रानच. पिवळ्या मलमलच्या अगदी बारीक चिंध्या करून, मधे खळगा करून, त्यात शेंगाची टरफलं, अशी नीट गादी घातली होती की बघतच राहिले. उन्हाळ्यात माझ्यापेक्षा उंदरीणच जास्त राबली म्हणायची. बरं मलमलच गेली, आजीच्या लुगड्याचे तुकडे वरच्या पिशवीत होते म्हणून वाचले, नाहीतर मी काय केलं असतं माहीत नाही.

मग दोन दिवस नुसतं धुणं आणि वाळवणं. मृग लागलेला पण पाऊस काय येईना, म्हणलं तेवढं तरी ऊन कामाला येऊ दे. गच्चीवर सगळ्या चिंध्या पसरल्या तर शेजारची पोरगी खालून, "काय काकू, कापडाचं दुकान टाकायलाव का?" टाकते म्हणलं, ये की गिऱ्हाईक घेऊन.

रंगांची गत तर विचारूच नका. पोस्टर कलरच्या बाटल्यांमधे तळाला भेगा पडलेली माती आणि वास असा की बाटल्या बाहेरच्या बाहेर कचऱ्यात. अॅक्रिलिकच्या ट्यूबला झाकण नीट लावलं नव्हतं, ती खडू झाली, आणि अॅक्रिलिक एकदा वाळलं की पाण्यानं परत मऊ होत नाही, गेलं ते गेलं. वॉटरकलर मात्र गुणाचा, ट्यूब कात्रीनं उभी चिरली, वाळका रंग जुन्या झाकणात काढला आणि चार थेंब पाणी घातलं, सकाळी लागला की ब्रशला. ब्रशच मी ग्लासात डोक्यावर उभा करून गेले होते, त्याचे केस आता कायमचे एका अंगाला. मार्चमधे किल्ल्याचा बुरुज अर्धा काढून ठेवला होता तो पुढं ओढायला बसले. सदाशिवरावभाऊंनी १७६० साली ह्या उदगीरला निजामाला हरवलं म्हणतात, मला तर त्याच किल्ल्याचा एक बुरुज अजून हरवतोय. सावली कुठल्या बाजूची काढली होती तेच आठवेना. वही मिटली.

खरी भीती होती ती अर्ध्या वाकळीची. बहिणीच्या लेकीच्या बाळासाठी घेतलेली, बाळ व्हायच्या आधी द्यायची होती. बाळ आता पालथं पडायलंय आणि त्याची गोधडी अजून मधून उघडीच. दोनदा घडी सोडून बघितली, दोनदा परत ठेवली. टाके कुणी घातलेत ते ओळखीचे वाटेनात.

म्हणून मी तिला हातच लावला नाही. भाकरीच्या दुरडीतलं फडकं शिवायला घेतलं. जुन्या धोतराचे दोन पदर, एका रंगाचा दोरा, आणि ह्या काठापासून त्या काठापर्यंत सरळ धावदोरा. ह्याला कोण बघतंय, वर भाकरी पडणार. सुई गंजली होती, ती आजी करायची तशी डोक्याच्या केसातून दोन-चारदा फिरवली, तेल लागतं, मग कापडात अडत नाही. माझ्या आजीचं माप दाण्याचं असायचं, "टाका ज्वारीएवढा पाहिजे, हरभऱ्याएवढा घातलास तर पायाचा अंगठा अडकून फाटंल." माझी पहिली ओळ हरभरा होती, हरभरा कशाला, भुईमुगाची शेंग म्हणा. दुसरी पण तसलीच. तिसरीत मधे फोन आला, बोलता बोलता हात चालत राहिला, आणि फोन ठेवून बघते तर पाऊण वीत ज्वारी. लक्ष नव्हतं तेव्हाच जमलं. त्या दुपारी सात ओळी घातल्या आणि पहिल्या दोन उसवल्या नाहीत.

न उसवायचं डोक्यात आलं ते आजीच्या वाकळीमुळं. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर, त्याचे चार पदर केले की एकेक दोन मीटरचा होतो, माणसाच्या लांबीला पुरतो, अशी दोन लुगडी आत आहेत तिच्यात. ती धुवायला काढली म्हणून उन्हात नीट बघितली. एका कोपऱ्यापासून वीतभर आत टाके एकदम बदलतात, आधी दाट, बारीक, मग अचानक ढिले आणि तिरपे, चार बोटं तसेच, आणि मग हळूहळू परत दाट. दोरा पण वेगळा, आधीचा पांढरा, नंतरचा मळकट निळा. आता तिथं काय झालं असेल, खुरपणी आली असेल, कुणाचं बाळंतपण असेल, का बाई आजारी पडली, कुणाला विचारणार. पण परत हातात घेतल्यावर तिचा पण हात वाकडाच चालला होता आणि तिनं ते तसंच ठेवलं. चाळीस वर्षं आम्ही ती पांघरतोय, कुणाला दिसलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र सुट्टीत खरंच बघून आले. लेक एका रविवारी हल्याळकडं घेऊन गेली, तासाभराचा रस्ता. त्या बाजूच्या जंगलात सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत, काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. तिथल्या बाया शिवतात त्या वाकळीला कवंदी म्हणतात. धारवाडला कौदी ऐकून होते, ही तिची बहीणच. एक आज्जी अंगणात पाय पसरून शिवत होत्या. कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेनं फिरत आत आत यायचं, आणि वरचे तुकडे आधी जोडून नाही, शिवत शिवतच एकेक ठेवत जायचे. यूट्यूबवरच्या बाया सांगतात मधून सुरू करा आणि बाहेर जा म्हणजे फुगा येत नाही, आणि मी मधे दोन वर्षं तसं करून पण बघितलं, पण जमिनीवर अंथरून, कोपऱ्यांवर वजन ठेवून, मोठा कच्चा टाका आधी मारून घेतला तर कडेपासून आत येताना काही फुगत नाही. आपल्या आज्या काय येड्या नव्हत्या. त्या आज्जींनी शेवटी चारी कोपऱ्यांना रंगीत तुकड्यांच्या तिकोनी घड्या लावल्या, त्यांना फुला म्हणतात, त्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. त्यांची बोली कोकणी-मराठी वळणाची, मला निम्मी कळली, निम्मं हातवाऱ्यावर. माझी आजी शेवटचा टाका घालायच्या आधी आत भाकरीचा तुकडा आणि हळद-कुंकू ठेवायची, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. ते त्यांना सांगितलं तर हसल्या आणि माझ्या हातावर खारा शेंगदाणा ठेवला.

धारवाडच्या एका टेलरकडून खणाचे तुकडे पण आणलेत पिशवीभर, ब्लाउज कापून उरलेले. दिसायला काय सुंदर, जांभळा, गर्द हिरवा, बारीक बुट्टी. पण शिवायला वैताग. कापलेल्या कडेची सुतं निघतच राहतात आणि सुती कापडावर ठेवलं की सरकतं. अर्धा इंच दुमडून, इस्त्री मारून मगच टाचायचं, घाई केली की दोन धुण्यात कड उघडी पडते. आणि नवं कापड आधी धुवून खळ काढल्याशिवाय जुन्याच्या शेजारी लावायचं नाही. जुनं आटायचं ते आटलेलं असतं, नवं नंतर आटतं आणि सुरकुत्या धरतं. हे मला सांगायची गरज नव्हती पण तरी मी मागच्या वर्षी एकदा चुकले आणि ती गोधडी आता आमच्या कुत्र्याची आहे.

आज सकाळी चहा झाल्यावर बाळाची वाकळ सोडली एकदाची. मार्चमधला पिवळा दोरा संपला होता, उंदरानं रीळ पण चाखलेलं, तसला पिवळा उदगीरच्या चार दुकानात मिळाला नाही, म्हणून सरळ लाल घेतला. पिवळा जिथं थांबलाय तिथून लाल सुरू. दोन ओळी झाल्या, जरा हरभरा आहेत. बहिणीच्या लेकीला फोटो पाठवला, तिचा व्हॉइस मेसेज आला, "मावशी, थंडीच्या आत द्या म्हणजे झालं, आणि मधे ते रिकामं काय आहे?"

मधे हातभर चौकोन मोकळा आहे. तिथं नातवाचा ट्रक लावायचाय, हिरव्या खणाचा, कागद ठेवून खडूनं छापून पण घेतला. फक्त चौथं चाक लावायचं का नाही ते अजून ठरंना. नातवाला फोन केला तर म्हणतो, ते पंक्चर काढायला गेलंय.