माझा अनुभव: बाळाचा क्लबफूट, प्लास्टरपासून दांडीच्या बुटांपर्यंत

टाच वर ओढलेली, पाऊल आत वळलेलं, तळव्यात खोल घडी. हजारात साधारण एका बाळाला हा जन्मजात दोष असतो. ग्रहणात आईने विळी धरली म्हणून तो होत नाही आणि तेल चोळून जातही नाही. घरातल्या मोठ्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पहिले आठवडे मालिशीत घालवण्यासारखे नसतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयात चौकशी करावीच. खासगीत जायचं असेल तर दोन प्रश्न पुरतात: पोन्सेटी पद्धतीने (म्हणजे आठवड्याआड प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ करत) करता का, आणि प्लास्टर मांडीपर्यंत घालता का? गुडघ्याखाली संपणारं प्लास्टर बाळ सहज लाथाडून काढतं, शिवाय पाऊल बाहेर वळवून धरायचं तर गुडघा काटकोनात अडकवावाच लागतो. ‘गुडघ्याखालचं चालतं’ असं उत्तर आलं, तर आम्ही तिथून उठू.

प्लास्टर दर आठवड्याला बदलतं, बहुतेक बाळांना पाच ते सात लागतात. पहिल्या प्लास्टरनंतर पाऊल जास्तच वाकडं दिसतं. घाबरू नये. त्यात अंगठ्याकडची बाजू उचलून तळव्यातली घडी आधी मोकळी केलेली असते. मग पाऊल थोडंथोडं बाहेर वळवत नेतात. टाच मुद्दाम शेवटी ठेवतात. ती आधीच दाबून वर घेतली तर पाऊल मधूनच वाकतं आणि तळवा होडीच्या बुडासारखा फुगीर होतो.

प्लास्टरच्या दिवशी बाळाला थोडं भुकेलं न्यावं आणि प्लास्टर घालताना पाजावं. दूध पिणारं बाळ पाय सैल सोडतं. जुनं प्लास्टर आदल्या रात्री घरी भिजवून काढू नये, तेवढ्यात पाऊल मागे वळू लागतं; दवाखान्यातच काढून घ्यावं. मधल्या वेळात पाय धुऊन मिळतो, म्हणून टॉवेल आणि कोमट पाण्याचा थर्मास बरोबर असू द्यावा. एरवी अंग फक्त पुसायचं. डायपरची कड प्लास्टरच्या वर राहील असं पाहावं, नाहीतर मांडीशी ओल धरते.

घरी बोटं बघत राहायचं. दाबल्यावर पांढरी पडून सोडताच गुलाबी झाली पाहिजेत. निळसर, गार किंवा सुजलेली दिसली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. बोटं आत दिसेनाशी झाली म्हणजे प्लास्टर घसरलंय. पुढच्या तारखेची वाट न बघता बदलून घ्यायचं.

शेवटी टाचेमागची शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा जाड दोर (रक्ताची शीर नव्हे), कापतात. ऐकून पोटात गोळा येतो, पण छेद अगदी बारीक असतो आणि लहान बाळात तो बहुधा जागा बधिर करूनच देतात. दहातल्या आठ-नऊ बाळांना तो लागतो. त्यानंतरचं प्लास्टर तीन आठवडे राहतं, तेवढ्यात शीर वाढीव लांबीने जुळून येते. प्लास्टरवर रक्ताचा छोटा डाग चालतो. तो पसरत गेला तर फोन करावा.

खरी कसोटी पुढे, दांडीने जोडलेल्या बुटांची. एकच पाऊल वाकडं असलं तरी बूट दोन्ही पायांत. दोषाचा बूट बाहेर ६० ते ७० अंश वळवलेला, चांगल्या पायाचा ३० ते ४०. दांडी खांद्यांच्या रुंदीएवढी. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, मग झोपेत १२ ते १४ तास, वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत. पाय सरळ दिसतो, मूल पळतं, मग घरचेच म्हणतात, ‘कशाला त्रास देता?’ बूट असे मधेच सोडणं, हेच पाऊल परत वळण्याचं सर्वांत मोठं कारण.

घालताना गुडघा वाकवून टाच खाली दाबायची, आधी मधला पट्टा ओढायचा, नंतर नाडी. टाच बसल्यावर बोटं कुठे येतात तिथे आतल्या तळावर पेनाने रेघ मारून ठेवावी. बोटं मागे सरली की टाच उचलली गेली हे लगेच कळतं. मोजे सुती, पातळ. थोडा वेळ टिकणारी लाली चालते. फोड मात्र बहुधा बूट सैल असल्याने टाच घासून येतो, म्हणून पट्टा सैल करायचा नाही आणि त्यावर क्रीमही लावायचं नाही. बूट तपासून घ्यायचा. सुरुवातीच्या रात्री बाळ रडतं, कारण त्याला एकच पाय झाडायचा असतो. दांडी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे, सरळ करायचे, हा खेळ दिवसातून अनेकदा केला की ते शिकतं. दांडीला जुन्या दुपट्याची गुंडाळी करावी, बाळालाही लागत नाही आणि शेजारी झोपणाऱ्यालाही.

बोटं बुटाच्या कडेवरून वळू लागली की मोठा नंबर मागायचा. चालताना टाच टेकेनाशी झाली किंवा पाऊल आत पडू लागलं, तर लगेच दाखवायचं; वेळेत गेलं तर बहुधा दोन-तीन प्लास्टरांत भागतं.