निकेलहार्पा कस्टममधून सोडवताना : माझा अनुभव

स्वीडनमधील उप्लांड प्रांत हे निकेलहार्पा या पट्ट्या असलेल्या, पण गजाने वाजणाऱ्या तंतुवाद्याचे माहेरघर. तेथील कारागिराकडून वाद्य मागवणे, पैसे पाठवणे आणि पार्सल भारतात येणे हे सारे विनासायास पार पडले. अडले ते सीमाशुल्क कार्यालयात, आणि त्याचा संताप अजून ओसरलेला नाही.

वाद वर्गीकरणाचा होता. सीमाशुल्काच्या दरपत्रकात प्रत्येक मालाला एक कोड असतो. पियानो, हार्प्सिकॉर्ड (पियानोआधीचे पट्ट्यांचे तंतुवाद्य) आणि पट्ट्यांची इतर तंतुवाद्ये 9201 खाली येतात, तर गजाने वाजणारी तंतुवाद्ये 9202 10 खाली. फोटोत वाद्याच्या मानेवर ओळीने बसवलेल्या लाकडी पट्ट्या दिसताच 9201 लावले गेले आणि माल अडकला. फोनवर दर वेळी नवी व्यक्ती आणि दर वेळी तोच प्रश्न : "पट्ट्या आहेत ना?" तोंडी समजावून काहीही होईना, तेव्हा मी लेखी खुलासा दिला. आजच्या निकेलहार्प्याला 16 तारा असतात : 3 सुरावटीच्या, 1 खर्जाची आणि 12 तरफेच्या, म्हणजे गज न लागता इतर तारांच्या नादाने आपोआप झंकारणाऱ्या. पट्टी दाबली की तिच्यावरचा इवलासा लाकडी खुंट तारेला बाजूने टेकतो, म्हणजे सारंगीत जे काम वादकाचे नख करते तेच काम तो करतो. नाद मात्र उजव्या हातातल्या आखूड गजानेच निघतो, हे मी आकृती काढून दाखवले. गोटलँड बेटावरील शेलुंगे चर्चच्या सुमारे 1350 सालच्या शिल्पात हे वाद्य वाजवणारे दोन वादक कोरले असल्याचे मानले जाते, त्याचे छायाचित्रही जोडले. त्यानंतर कोड बदलला आणि पार्सल सुटले.

म्हणून विक्रेत्याला इन्व्हॉइसवरच "गजाने वाजणारे तंतुवाद्य" असे स्पष्ट लिहायला सांगावे, आणि वाद्याशेजारी गज ठेवून काढलेला फोटो आधीच मागून घ्यावा. शक्यतो पावसाळ्यात मागवू नये, कारण दमट हवेत लाकूड फुगते आणि पट्ट्या अडकू लागतात. तरफा लावायलाही सवड ठेवावी; त्या बारा स्वरांत एकेक लावाव्या लागतात.

सध्या मी पोल्स्का बसवतो आहे. हे तीन मात्रांचे नृत्यसंगीत असून स्वीडनच्या अनेक भागांत पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर वजन येते, त्यामुळे दुसरी मात्रा हलकी सोडायला हाताला शिकवावे लागते. खुलाशाची प्रत मी जपून ठेवली आहे. हे वाद्य मागवणाऱ्याने ती माझ्याकडून निःसंकोच मागून घ्यावी.