सव्वीसची ट्यूब

मंगळवार, रात्री

दुपारी नोव्हेंबरातल्या सायकल सहलीसाठी दादाची यादी आली. मी कुकर लावत होते, हात ओले होते, तरी फोन उघडलाच. चेनचं तेल, पंक्चरचं सोल्युशन, टायर लिव्हर तीन, ॲलन कीचा संच, ओआरएस, सायकली बांधायला दोऱ्या, वहिनीच्या गाडीत मागे अंथरायला जुन्या सतरंज्या. दादा काही विसरत नाही. सगळ्यात खाली ट्यूब: २९ इंची चाकाच्या चार, २७.५ च्या दोन.

माझी सायकल २६ ची आहे.

एवढंच झालंय. आता अकरा वाजलेत, ओटा आवरून झाला, दूध विरजून झालं, आणि मी अजून त्याच ओळीपाशी आहे. दादाच्या दोन, भाच्याच्या दोन, पिंट्याच्या दोन. माणशी दोन असा सरळ हिशोब आहे आणि त्यात मी नाही.

राहून गेलं असेल, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण २०११ साली ही सायकल घ्यायला तोच तर माझ्याबरोबर आला होता. तेव्हा दुकानात माउंटन बाइक मागितली की २६ चंच चाक समोर यायचं. नंतर सगळ्यांनी मोठी चाकं घेतली, मी नाही घेतली. त्याला माझं चाक माहीत नाही असं होणारच नाही.

सरळ विचारावं. पण विचारलं आणि तो म्हणाला, ‘अगं, तू गाडीत असशील ना,’ तर? ते त्याच्या तोंडून ऐकायचं नाहीये मला.

हा रस्ता मी आखलाय. जूनमध्ये, दुखरा गुडघा उशीवर ठेवून, बाहेर पाऊस कोसळत असताना. सातारा, यवतेश्वरचा घाट, कास, तिथून खाली बामणोली, लाँचमध्ये सायकली घालून तापोळा, तापोळ्याहून चढून महाबळेश्वर, दुसऱ्या दिवशी केळघर घाट उतरून मेढ्यावरून परत सातारा. नोव्हेंबर मीच ठरवला, कारण तोवर कासची फुलं संपून गर्दी ओसरलेली असते आणि कोयनेचा शिवसागर जलाशय मात्र भरलेला असतो. भाच्याला पठारावर सायकली घालायच्या होत्या. मी नाही म्हटलं, आणि जरा जोरातच म्हटलं. जांभ्याच्या सड्यावर माती ती किती, बोटभर, दोन बोटं. पुढच्या पावसाळ्याची सगळी फुलं त्या तेवढ्या मातीत झोपलेली असतात. तिथे चाकाचा चर पडला की तो लवकर बुजत नाही. पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारसा झाली, त्यात महाराष्ट्रातली चारच, आणि त्या चारांत कास आहे, कोयना आहे. हे सांगितल्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, वासोटा किल्ल्याकडे जाऊ. ते तर २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, कोयना आणि चांदोली मिळून. तिथे वनखात्याची परवानगी काढून, लाँचने जाऊन, पायी चढायचं. सायकलचा प्रश्नच नाही. आपण आपल्या रस्त्याने आणि गावांच्या गाडीवाटांनी जायचं. वाटेत मिळतं तेवढं जंगल मला पुरतं. महाबळेश्वर जवळ आलं की झाडं बुटकी होत जातात, अंजनी, जांभूळ, पिसा, बुंध्यांवर शेवाळ, आणि दुपारीसुद्धा रस्त्यावर सावली. शेकरू दिसलं तर तिथेच दिसेल.

तापोळ्याला पाणी भरलेलं असताना त्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६६० मीटरच्या आसपास, आणि महाबळेश्वर साडेतेराशेच्या घरात. म्हणजे पंचवीस-एक किलोमीटरमध्ये जवळजवळ सातशे मीटर चढायचं. हे मी दादाला नकाशा दाखवून वळणावळणाने समजावलं होतं. तुला जमेल का, असं त्याने तेव्हा विचारलं नाही. मला केवढं बरं वाटलं होतं. विचारलं नाही म्हणजे मी जाणारच, हे त्याने धरलंय. आता वाटतं, मी जाणार नाही हेच धरलं होतं, म्हणून विचारलं नाही.

बुधवार

वहिनीचा फोन. ‘बरं झालं बाई, या वेळी गाडीत गप्पांना कुणीतरी असेल.’ मी ‘हो ना’ म्हणाले. का म्हणाले?

बाबांच्या वेळेलाही असंच, सगळ्यांनी आपसात ठरवून... जाऊ दे. ते आज नको.

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. जाताना सायकलच्या दुकानात थांबून २६ ची ट्यूब मिळते का विचारलं. मिळते म्हणे, कितीही. चांगला टायर मिळायला वेळ लागतो, ट्यूबला काय! म्हणजे मिळत नाही म्हणून यादीत नाही, हीसुद्धा सबब गेली.

गुरुवार, सकाळी

साडेपाचला उठून सायकल खाली काढली. मागचं चाक बसलं होतं. ट्यूब बाहेर काढून हातात घेतली तर अजून पांढरी पावडर बोटांना लागली. तीन ठिगळं आहेत तिच्यावर. व्हॉल्व्हजवळचं ताम्हिणीतलं, ते दादाने लावलेलं, कडा कशा सारख्या घासलेल्या. बाभळीच्या काट्याचं मी लावलेलं, तिरकं. तिसरं कुठलं ते आठवत नाही. बादलीत बुडवून पाहिलं, माझ्याच ठिगळाच्या कडेने बारीक बुडबुडे येत होते. खरवडून नवं लावलं. सोल्युशन चिकट होईपर्यंत पाच मिनिटं थांबले, घाई केली नाही.

वेताळ टेकडी. खाणीपर्यंत गेले. शेवटच्या चढाला उतरून सायकल ढकलली. चाळीस मिनिटांनी गुडघा बोलायला लागला. कळ नाही, पण आतून कुणी बोट दाबून धरावं तसं. सीट बोटभर वर घेतली, पायडल खाली जाताना पाय जरा जास्त सरळ व्हायला लागला तसं बरं वाटलं. खाणीच्या काठावर बसले. खाली पाण्यात एक खंड्या सूर मारत होता, दर वेळी त्याच दगडावर परत.

तिथे बसल्यावर एक गोष्ट लख्ख कळली. सप्टेंबरपासून मी रोज सकाळी सोसायटीच्या आवारात सायकल चालवतेय. आधी दहा मिनिटं, मग वीस, मग नदीपर्यंत. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. जमलं नाही तर कुणाला कळायला नको, म्हणून. दादाने मला शेवटचं पाहिलं ते गणपतीत, जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरताना. त्या बाईसाठी त्याने कुठल्या ट्यूब लिहायच्या होत्या? वहिनीला आनंद झाला तोही खराच. मे महिन्यात रात्ररात्र माझ्याजवळ बसली ती.

तरी वाईट वाटलं ते वाटलंच. एकदा विचारायचं होतं.

तापोळ्याचा चढ या नोव्हेंबरात माझा नाही. हे लिहिताना हात थांबला, पण लिहिलं. यवतेश्वरचा घाटही नाही. तिथपर्यंत वहिनीशेजारी बसेन, गप्पा मारेन, मनापासून. पण कासच्या पुढे बामणोलीपर्यंत उतार आहे, तो मी उतरणार. ब्रेक सलग दाबून न धरता, सोडत, पुन्हा धरत, पाणी खालून वर येताना बघत. लाँचमध्ये माझी सायकल असेल. पुढचं तापोळ्याला गुडघा सांगेल.

रात्री

यादीत सगळ्यात खाली मीच लिहिलं: २६ च्या दोन.

पाऊण तास काही नाही. भाच्याचा अंगठा आला. पिंट्याने काहीच नाही. मी फोन उपडा ठेवून चपात्या लाटल्या.

मग दादाचा मेसेज. ‘व्हॉल्व्ह कुठला?’

‘जाड. मोटरसायकलसारखा.’

‘बरं. पंपाचं तोंड बदलून ठेवतो.’