तुम्ही विचारलंत म्हणून: मागचे एअर शॉकअप घरी बदलता येतात का?

मंडळात मला ढोलवाला म्हणतात. मी ढोल वाजवत नाही, ढोल माझ्या गाडीतून येतात एवढंच. डेट्रॉइटजवळच्या नोव्ही या उपनगरात आम्ही राहतो आणि दारात २००८ ची शेव्हरोले सबर्बन आहे. लांबी साडेअठरा फूट, रिकामी असताना वजन अडीच टनांच्या वर. मागची सीट काढून ठेवली की सहा ढोल, ताशे, ध्वजाच्या काठ्या आणि मखराचे तुकडे असं सगळं एका खेपेत बसतं. त्यामुळे दरवर्षी गणपती आले की लोकांना आधी माझी आठवण येते.

गेल्या वर्षी ही गाडी मागून बसली आणि तिचे मागचे एअर शॉकअप मी घरीच बदलले. ही बातमी कशी पसरली माहीत नाही, पण बारसं असो की सत्यनारायण, पुरुषमंडळींच्या घोळक्यात कुणीतरी विचारतंच, "घरी बदललेत? अवघड असतं का हो?" हातात उपम्याची प्लेट धरून, उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. म्हणून सवडीने लिहितोय.

बोल्ट चारच असतात. दोन्ही बाजूंना एक वर, एक खाली. हाताला सवय असेल तर दोन-तीन तासांचं काम. मला सात महिने आणि पाच दिवस लागले. त्यातले सात महिने माझ्या चुकीचे आणि पाच दिवस गंजाचे.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो, कारण पुष्कळांचा इथेच घोटाळा होतो. नावात हवा असली तरी ही गाडी हवेवर उभी नसते. शिवनेरीच्या व्होल्वोखाली हवेचे फुगेच वजन पेलतात, तसं इथे नाही. सबर्बनच्या मागच्या एक्सलवर पोलादी कॉइल स्प्रिंग असतात आणि खरा भार त्याच उचलतात. शॉकअप नेहमीसारखाच, फक्त त्याच्या अंगावर रबराची एक बाही चढवलेली. मागे वजन वाढलं की एक्सलपाशी बसवलेला सेन्सर गाडी किती दबली ते सांगतो, चासीला डाव्या बाजूने टांगलेला छोटा कॉम्प्रेसर सुरू होतो, त्या बाह्यांत हवा भरते आणि गाडीची शेपटी पुन्हा वर येते. वजन उतरवलं की जास्तीची हवा सोडली जाते. ढोल उतरवून, चावी काढून आपण निघालेलो असतो आणि अंधाऱ्या पार्किंगमध्ये मागून 'फुस्स' असा सुस्कारा ऐकू येतो. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं टायर गेला.

आणि हो, प्रत्येक सबर्बनमध्ये हे नसतं. समोरच्या कप्प्यात, ग्लव्ह बॉक्समध्ये, बारीक अक्षरांच्या कोडांचं स्टिकर असतं. त्यात 'झेड५५' दिसलं तर तुमच्याकडे ही भानगड आहे. काही गाड्यांत साधे शॉकअप असतात, काहींत आपल्याच हालचालीने उंची सावरणारे, हवेची नळीच नसलेले. स्टिकर न बघता पार्ट मागवू नका. मंडळातल्या एका मित्राने मागवले होते. ते अजून त्याच्या तळघरात आहेत.

आता ते सात महिने. मार्चमध्ये डॅशबोर्डवर 'सर्व्हिस सस्पेन्शन सिस्टिम' असा मेसेज आला. त्याआधी आठवडाभर डाव्या बाजूने खालून घरघर ऐकू येत होती, मिक्सरमध्ये सुकं खोबरं टाकल्यासारखी. मग घरघर थांबली आणि मेसेज उरला. एका वर्कशॉपने सगळं मिळून दोन हजार डॉलरच्या वर आकडा सांगितला. तो ऐकून मी घरी आलो, गाडीखाली शिरलो, कॉम्प्रेसर बंद पडलाय हे पाहिलं आणि नवा कॉम्प्रेसर बसवला. मेसेज गेला. शेपटी वर आली. मी चार लोकांना फोन करून सांगितलं.

ऑगस्टमध्ये ढोलांच्या सरावाच्या दिवसांत रात्री भरून ठेवलेली गाडी सकाळी पाहिली तर मागून तीन बोटं खाली. चावी फिरवली की पुन्हा वर, आणि नव्या कॉम्प्रेसरची तीच जुनी घरघर सुरू. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पाण्याची टाकी गळत असताना पंपाची मोटार बदलावी, तसं मी केलं होतं. पुण्यातल्या सोसायटीत जन्म काढलेल्या माणसाने हे करावं! हवा गळत होती म्हणून कॉम्प्रेसर न थांबता चालत होता, आणि न थांबता चालला म्हणून जळला होता. दुसराही त्याच वाटेवर होता.

गळती कुठे आहे हे शोधायला कुठलंही यंत्र लागत नाही. लहानपणी मिरजेला मामाकडे गेलो की समोर पंक्चरचं दुकान होतं. घमेल्यात पाणी, त्यात ट्यूब दाबून धरायची आणि बुडबुडा येईल तिथे खडूची खूण. इथे शॉकअप घमेल्यात बुडवता येत नाही, म्हणून भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून फवाऱ्याच्या बाटलीत भरला. आधी रिकाम्या गाडीखाली झोपून मारला, काहीच दिसलं नाही. तेव्हा लक्षात आलं की रिकाम्या गाडीत बाह्यांमध्ये हवा जेमतेम असते. मग ढोल भरले, कॉम्प्रेसर चालू दिला, गाडी बंद करून पुन्हा खाली गेलो. डाव्या शॉकअपवर रबर जिथे दुमडतं, त्या घडीच्या कडेला एक फेसाचा ठिपका होता. मोहरीएवढा. बघता बघता साबुदाण्याएवढा झाला, फुटला, पुन्हा आला. इतके महिने मला चकवत होता तो हा, आणि तिथवर पोचायला दोन रुपयांचा साबण लागला.

नुसतं पाहून डावा की उजवा हे कळत नाही, कारण दोन्हींकडची हवा एकच. एक गळला की दोन्ही बसतात. बदलताना मात्र जोडीच बदलावी. उजव्याचं रबरही त्याच वयाचं आणि त्याच रस्त्यांवर दुमडलेलं असतं.

गणपती कसेबसे पार पडले आणि ऑक्टोबरच्या एका शनिवारी गाडी गॅरेजमध्ये घेतली. आमच्या वसाहतीत घरासमोर गाडी खोलायला बंदी आहे. आत घेतली तर समोर भिंत, मागे दार, आणि मध्ये मी आडवा. आदल्या संध्याकाळी चारही बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. मागे खाली टांगलेलं जादा चाक उतरवलं, मग हात फिरवायला जागा मिळाली. बॅटरीची तार काढली, नाहीतर गाडी उचलताना सेन्सरला भलतंच काही वाटून कॉम्प्रेसर सुरू होतो.

एक गोष्ट मात्र मी दोनदा सांगणार आहे. चासी उचलून दोन्ही बाजूंना घोड्या, म्हणजे वजन पेलणारे लोखंडी स्टँड, लावायच्या; जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरायचं नाही. आणि वेगळा जॅक एक्सलखालीही टेकवून ठेवायचा. या गाडीत एक्सल खाली लोंबू न देणं हेही शॉकअपचंच काम असतं. दोन्ही शॉकअप एकदम सोडले आणि एक्सलला आधार नसला तर तो खाली जातो, ब्रेकचा पाइप ताणतो आणि कॉइल स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. म्हणून एका वेळी एकच बाजू. घोड्या, आणि एक्सलखाली जॅक. सांगितलं दोनदा.

वरचे बोल्ट निमूटपणे आले. खालचा उजवाही टॉमीला पाइप घालून दाबल्यावर 'टक्क' करून सुटला. खालच्या डाव्याचा नट निघाला, पण बोल्ट काही हलेना. फिरतही नव्हता. शॉकअपच्या टोकाला रबरी बुश असतो, त्याच्या आत जी लोखंडी नळी असते, तिच्याशी तो गंजून एकजीव झाला होता. हातोडा, तेल, पुन्हा हातोडा. गॅसची ज्योत लावायची नाही हे ठरलेलं, कारण आजूबाजूला रबर, ब्रेकचे पाइप, आणि पेट्रोलची टाकीही काही फार लांब नाही.

मिशिगनमध्ये गंज हा विषय निघाला की मिठाचा निघतोच. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटात जाऊन बसतं. खुद्द डेट्रॉइट शहराखाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि तिथलं मीठ रस्त्यांवर जातं. म्हणजे ज्या गावाने जगाला गाड्या दिल्या, त्याच गावाच्या पोटातून त्या खायची सोय निघते. बोल्टावर हातोडा मारताना असले विचार येतात.

तो आवाज ऐकून शेजारचे आजोबा आले. आयुष्य गाड्यांच्या कारखान्यात गेलेलं. त्यांनी आधी बोल्ट पाहिलाच नाही, समोरच्या काचेखालचा, कारखान्याने दिलेला गाडीचा नंबर पाहिला. सतरा अक्षरांतलं अकरावं अक्षर गाडी कुठे जोडली ते सांगतं. आमचं 'जे' निघालं. जे म्हणजे जेन्सव्हिल, विस्कॉन्सिन. त्या कारखान्यातली शेवटची मोठी एसयूव्ही २३ डिसेंबर २००८ ला बाहेर पडली आणि मग ती लाइन कायमची बंद झाली. आजोबा थोडा वेळ गप्प उभे होते. मग घरी जाऊन त्यांनी मागेपुढे चालणारी पात्याची करवत आणली आणि म्हणाले, "सकाळपासून तू त्याची मनधरणी करतोयस. काप."

बोल्ट कापला. दोन पाती गेली. नवा बोल्ट हवा तर साधा, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातला चालत नाही. डोक्यावर १०.९ असा ताकदीचा आकडा लागतो आणि लांबीही नेमकी. कंपनीचाच मागवला, तो बुधवारी आला. तोवर गाडी घोड्यांवर, आणि मी बायकोच्या गाडीतून ऑफिसला. हे ते पाच दिवस.

नवे शॉकअप चढवणं त्यामानाने गंमतीचं. हवेची नळी एका छोट्या तारेच्या क्लिपने अडकलेली असते. ती काढताना उडते आणि गॅरेजमधल्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात जाते, म्हणून आधी चिंधी धरा. जुनी रबरी रिंग भोकातच चिकटून राहते, ती शोधून काढायला हवी. ती राहिली आणि वर नवी बसली की नव्या शॉकअपलाही हवा धरत नाही. शॉकअपला वायरचा प्लगही असतो, कारण आतला कडकपणा गाडी स्वतः कमी-जास्त करते. पंधरा वर्षांचं प्लास्टिक आहे, नखाने हळू उचला. आणि बोल्ट शेवटचे आवळायचे ते एक्सल जॅकने वर घेऊन, गाडी जमिनीवर जशी उभी असते त्या उंचीला आणून. लोंबत्या एक्सलवर आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

गुरुवारी रात्री बॅटरी जोडली. वजन हवं होतं आणि ढोल मंडळाच्या गोदामात. गॅरेजमध्ये हिवाळ्यासाठी आणलेल्या मिठाच्या गोण्या होत्या, चाळीस पौंडी. दहा टाकल्या. मुलगा टेप घेऊन चाकाच्या कमानीपाशी बसला. चावी फिरवली, थोडा वेळ काहीच नाही, मग कॉम्प्रेसर लागला. "आली, आली," असं तो ओरडायच्या आत घरघर थांबली. एवढ्या लवकर ती कधी थांबली नव्हती. साबणाचं पाणी मारून मी पंधरा मिनिटं खाली पडून होतो. फेस आला नाही. सकाळी टेप लावली, तेवढीच.

तर घरी करावं का? तुमची गाडी मीठ न बघितलेल्या राज्यातली असेल आणि घोड्या घ्यायची तयारी असेल तर जरूर करा. मिशिगनची असेल तर करवत आणि दुसरी गाडी हाताशी ठेवून करा. मागे कधी ओझं नेतच नसाल तर हवेचं सगळं काढून साधे शॉकअप आणि गाडीच्या कॉम्प्युटरची समजूत घालणारा छोटा डबा असा संच मिळतो, तोही वाईट नाही. मला तो नको होता, कारण माझे ढोल. आणि कुठलाही पार्ट मागवायच्या आधी साबणाचं पाणी. माझा जुना कॉम्प्रेसर बघायचा असेल तर या कधीही, टाकलेला नाही.

त्या दहा गोण्या मात्र अजून गाडीतच आहेत. पहिला बर्फ पडला की काढेन म्हणतो.