तिसऱ्या प्रहराचा पूर

आमच्या वर्धा जिल्ह्यात शेतीपंपाची लाइन कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याच्या ओलितासाठी वावरातच मुक्काम करावा लागतो. मागच्या डिसेंबरात असाच मोटर सुरू करून मी कोठ्यात बाजेवर आडवा झालो आणि डोळा लागला. स्वप्नात मी मामाच्या गावाला निघालेल्या एसटीत बसलो होतो. कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून माझी चांगली लांबलचक हुज्जत झाली, मग पाऊस आला, नदीच्या पुलाशी गाडी थांबली, माणसे उतरून पूर पाहत उभी राहिली आणि पाहता पाहता पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत चढले. पळायला गेलो तर पाय उचलेना. त्याच क्षणी खडबडून जागा झालो, तर कोठ्यामागे पाइपाचा जोड निसटून पाणी धो-धो वाहत होते.

पूर कोठून आला, हे सांगायला ज्योतिषी नको. कोडे वेगळेच होते. पाण्याच्या आवाजाने पूर आणला असेल, तर पुराच्या आधीची एसटी, तो पाऊस आणि ती हुज्जत कोणी आणली? जणू शेवट आधी ठरला आणि कथा मागाहून त्याच्यापर्यंत रचत नेली. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड मोरी यांनाही हेच कोडे पडले होते. स्वप्नात त्यांनी राज्यक्रांतीचा काळ पाहिला, त्यांच्यावर खटला चालला, शिक्षा झाली, गिलोटिनचे पाते मानेवर पडले आणि ते जागे झाले, तेव्हा पलंगाचा एक दांडा सुटून त्यांच्या मानेवर पडलेला होता. यावरून त्यांची समजूत झाली, की सारे स्वप्न जाग येण्याच्या निमिषात घडते.

ही समजूत मलाही फार दिवस आवडत होती. परंतु ती टिकली नाही. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांना झोपेतील एक विशेष अवस्था सापडली. तिच्यात मिटल्या पापण्यांखाली बुबुळे भराभर हलतात आणि हातापायांचे स्नायू ढिले पडतात (माझे पाय का उचलत नव्हते, ते येथे कळते). ठळक स्वप्ने बहुधा याच अवस्थेत पडतात. ती साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते; पहाटेच्या स्वप्नाला आपल्याकडे जो मान आहे, त्याचे मूळ मला यातच दिसते. पुढे झोपलेल्यांना या अवस्थेत पाच किंवा पंधरा मिनिटे झाल्यावर उठवले, तेव्हा स्वप्न किती वेळ चालले होते हे बहुतेकांनी बरोबर ओळखले. म्हणजे स्वप्नालाही घड्याळाएवढाच वेळ लागतो. 1958 मधील एका प्रयोगात तर निजलेल्यांच्या अंगावर थंड पाणी शिंपडले आणि दहापैकी सुमारे चार वेळा ते पाणी पावसाच्या किंवा गळत्या छपराच्या रूपाने स्वप्नात शिरले.

स्वप्न नेमके ऐन वेळी तुटते, ही आपली तक्रारही मला आता फारशी खरी वाटत नाही. जी स्वप्ने आपापल्या शेवटाला पोचून विरली, ती आपल्या लक्षातच राहिली नाहीत. लक्षात राहिले ते मधेच जाग आलेले. झोपलेल्याला एकदम जागे करू नये, असे बृहदारण्यक उपनिषदात म्हटले आहे, कारण भटकत असलेला आत्मा योग्य ठिकाणी परतला नाही तर उपचार कठीण होतो. आत्म्याचे मला ठाऊक नाही, पण त्या रात्री मिनिटभर मी बॅटरी हातात असूनही एसटीतली माझी पिशवी शोधत होतो, एवढे खरे.

स्वप्नाला घड्याळाएवढाच वेळ लागतो, याची खात्री वावरानेच करून दिली. जोड नुकता निसटला असता तर पाणी हरभऱ्याच्या दोन-चार ओळींपर्यंत गेले असते. ते धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या बांधापर्यंत साचले होते. पाऊण तास तरी ते वाहत असावे. म्हणजे कान बराच वेळ बातमी देत होता, आणि मी तिची एसटी करून तिच्यात बसून हुज्जत घालत होतो.

सकाळी आजीला सांगितले, तर तिने पाइपाची चौकशीच केली नाही.

“किती वाजले होते, बापू?”

“अडीच.”

“मंग तिसरा पाहार. पूर दिसला म्हन्जे पैसा. तीन महिन्यात येते.”

पहिल्या प्रहराचे स्वप्न वर्षाने फळते आणि तिसऱ्याचे तीन महिन्यांनी, हा तिचा जुना हिशेब आहे. तीन महिन्यांनी म्हणजे मार्चात, हरभरा बाजारात जातो तेव्हा, पैसा तसाही येतोच. मी हे तिला म्हणालो नाही. पाणी साचलेल्या पट्ट्यात पुढे मर लागली आणि झाडे पिवळी पडून वाळली. बाकीचा हरभरा मार्चात विकला, त्या दिवशी विक्रीच्या हिशेबपट्टीचा कागद मी आधी आजीच्याच हातात दिला.