पीबीपी२ए: तीन रंगांत उभं राहिलं, पेनिसिलिन अजून दाराबाहेर

मंडळी, पीबीपी२ए म्हणजे पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या जिवाणूचं एक एन्झाइम. त्याचा मोठा थ्रीडी प्रिंट एकदाचा उभा राहिला. आधीचं फितींचं मॉडेल कपाटात ठेवायला झकास आहे, पण या एन्झाइमचा खरा खोडसाळपणा त्यात दिसतच नाही. नुसत्या फिती, मध्ये सगळी मोकळी हवा. कुठलंही औषध आरपार जाईल असं वाटतं. म्हणून या खेपेला अख्खा पृष्ठभाग छापला.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं. जिवाणूच्या पेशीभित्तिकेतल्या साखरेच्या साखळ्यांना एकमेकींशी टाके घालायचं काम ट्रान्सपेप्टिडेज एन्झाइमं करतात. साखळीला लटकणाऱ्या छोट्या पेप्टाइडच्या (अमिनो आम्लांच्या साखळीच्या) टोकाला दोन डी-अ‍ॅलनिन असतात. एन्झाइममधलं सेरीन हे अमिनो आम्ल त्यातल्या अलीकडच्या अ‍ॅलनिनला पकडतं, शेवटचं अ‍ॅलनिन गळतं आणि तिथे शेजारच्या साखळीचा हात जोडला जातो. स्टॅफिलोकोकस ऑरियसमध्ये हा हात पाच ग्लायसिनचा. पेनिसिलिनची ठेवण त्या अ‍ॅलनिनच्या जोडीसारखीच असल्यामुळे सेरीन फसतं, त्याला पकडतं आणि अडकून बसतं. टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी ही कल्पना १९६५मध्येच मांडली होती. एमआरएसएकडे (याच स्टॅफिलोकोकसच्या मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या प्रकाराकडे) मात्र मेकए जनुकातून आलेलं हे जादाचं एन्झाइम असतं. बाकीची बंद पडली तरी हे आपलं काम करत राहतं.

आता कामाचं. रेणूच्या रचनेची फाइल १व्हीक्यूक्यू: लिम आणि स्ट्रायनाड्का, २००२, रिझोल्यूशन १.८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). तिच्यात दोन रेणू आहेत. त्यातला एकच ठेवला. पाणी आणि कॅडमियमचे आयन उडवले. पेशीपटलात रुतणारं सुरुवातीचं टोक प्रयोगासाठी कापलेलंच असतं, त्यामुळे ते मॉडेलमध्येही नाही. कायमेराएक्स या रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीन तुकड्यांचे पृष्ठभाग वेगवेगळे काढले: अमिनो आम्ल क्रमांक १३८पर्यंत करडा, १३९ ते ३२६ निळा, ३२७ ते ६६८ पिवळा. टाके घालणारा भाग तो पिवळा. एका अँगस्ट्रॉमला दीड मिलिमीटर हे माप धरलं. सांध्यावर उंचवटे एकमेकांत अडतात, तिथे पॉलिशपेपर मारावाच लागतो. मग तुकडे जोडायला चुंबक बसवले.

सेरीन ४०३ लाल दाखवायचं होतं. फटीत ब्रश शिरेना, शेवटी टूथपिकच्या टोकाला नेलपॉलिश लावून टिपका दिला. तो समोरून दिसत नाही. टॉर्च तिरका धरला तरच खोलात चमकतो, आणि मला नेमकं हेच हवं होतं. पेनिसिलिनला या सेरीनपर्यंत पोचताना बीटा-३ ही एन्झाइममधली पट्टी पिळवटावी लागते. ते महागात पडतं, म्हणून पकड इतकी संथ होते की औषधाचा उपयोग उरत नाही. त्याच मापात छापलेला पेनिसिलिनचा रेणू हाताने फटीला लावून पाहिला. चौकोनी बीटा-लॅक्टम कडी तोंडाशीच अडते. (रेणू काड्यांच्या रूपात छापू नका, ०.४ मिमीच्या नोझलने काड्या तुटतात. गोळ्यांचं रूप घ्या.)

मग जिवाणू स्वतः टाके कसे घालतो? मला या एन्झाइमचं वेड लागलं ते याच प्रश्नामुळे. लाल टिपक्यापासून ६० अँगस्ट्रॉमवर, पिवळ्या भागाच्या पार बाहेर, दुसरी एक खाच आहे. वाढत्या भित्तिकेचा धागा तिथे टेकला की इकडचं दार उघडतं. मॉडेलवर दोरा धरून मोजलं तर हे अंतर नऊ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास माझ्या तळव्याची रुंदी. कागदावर '६० अँगस्ट्रॉम' वाचून जे कळलं नव्हतं ते दोरा धरल्यावर कळलं. सेफ्टारोलीन हे औषध नेमकी हीच खोड वापरतं: त्याचा एक रेणू लांबच्या खाचेत बसतो, दार उघडतं आणि दुसरा जाऊन सेरीनला धरतो. २०१३ची ३झेडजी०ही फाइल याच अवस्थेची आहे.

पुढचं काम त्याच फाइलचं. फक्त पिवळा भाग नव्याने छापायचा, बाकीचे दोन तुकडे तेच वापरायचे. त्यासाठी दोन्ही रचना कायमेराएक्समधल्या मॅचमेकरने आधी एकावर एक बसवून मगच एसटीएल (छपाईची फाइल) काढणार आहे, नाहीतर चुंबकांची भोकं जुळायची नाहीत. खाचेतलं सेफ्टारोलीन पारदर्शक फिलामेंटमध्ये काढावं असं मनात आहे. इतक्या बारीक कामाला पारदर्शक पीईटीजी प्लास्टिक चालतं का, की सरळ रेजिनच गाठावं? कुणी करून पाहिलं असेल तर लेयरची जाडी तेवढी कळवा.